झिजलेल्या बटणांचा निकाल

मार्कमास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही मुलाला काही शिकवलं नव्हतं. ते रिमोट दुरुस्त करायचे. टीव्हीचे नव्हेत, व्हिडिओ गेमचे. बनवणारी कंपनी त्यांना कंट्रोलर म्हणते, पण दुकानात येणारं एकूण एक गिऱ्हाईक रिमोटच म्हणतं, आणि लोकांना सुधारण्याचा नाद मास्तरांनी फार पूर्वीच सोडला होता. गेमच्या डिस्क विकणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं. त्यावर मान वाकवलेला दिवा, भिंग, दात कोरायच्या काडीएवढे स्क्रूड्रायव्हर आणि बाटल्यांच्या झाकणांत आकारवार लावून ठेवलेले स्क्रू. या टेबलाला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे. दुकानमालकानेही लावायचं नाही, आणि खरं म्हणजे टेबल मालकाचंच होतं.

मास्तर हे नाव पडलं ते फळ्यामुळे. झालं असं, की एकदा एक गिऱ्हाईक नवा युद्धाचा खेळ हातात घेऊन उभं होतं. घेऊ की नको, घेऊ की नको. पेपरात त्याला दहापैकी साडेआठ मिळाले होते. मास्तर भिंगातून मान वर न काढता म्हणाले, की या खेळाचे अकरा रिमोट या आठवड्यात माझ्याकडे आलेत. अकराच्या अकरांचा उजवा चाप ढिला झालाय आणि बाकीची बटणं अगदी कोरी करकरीत आहेत. म्हणजे एका बोटाचं काम आहे. मेंदूला आणि उरलेल्या नऊ बोटांना सुट्टी. तुम्हाला सुट्टी हवी असेल तर खुशाल घ्या. गिऱ्हाइकाने खेळ जागेवर ठेवला आणि दुसरे दोन घेतले. मालक काही दुधखुळा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने एक काळा फळा आणून दाराशी टांगला आणि मास्तरांच्या हातात खडू दिला.

तेव्हापासून मास्तर फळ्यावर निकाल लावू लागले. पद्धत ठरलेली होती. एका खेळाचे किमान तीन रिमोट दुरुस्तीला आले, की त्यांची पोटं उघडून काय झिजलंय ते बघायचं, आणि झिजेवरून गुण द्यायचे. भरधाव गाड्यांच्या खेळाखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘वेगाचं बटण मोडतं, ब्रेकच्या बटणावर धूळ. चार.’ भुताखेतांशी तलवारीने लढायच्या एका भयंकर अवघड खेळाबद्दल, ‘रिमोट भिंतीवर आपटल्याच्या खुणा. महिन्यात तीनदा, तोच माणूस. नऊ.’ फुटबॉलला सात मिळाले होते, कारण त्याचे रिमोट नेहमी जोडीने यायचे आणि जोडीने आणणारे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नसायचे. शेती करायच्या खेळाची त्यांनी पार लाज काढली होती. ‘एकच बटण लाख वेळा दाबलेलं. हा खेळ नाही, नोकरी आहे. तीन.’ आणि साठ तासांच्या महाकथेचा ज्या खेळाने जगभर डंका पिटला होता, त्याखाली होतं, ‘संवाद पुढे ढकलायचं बटण झिजून आरपार. लेखकाने मनाला लावून घेऊ नये. दोन.’

लोक हसत वाचायचे आणि मास्तर म्हणतील तेच विकत घ्यायचे. पेपरातल्या समीक्षकाला हे झोंबणं साहजिक होतं. हा गृहस्थ दर रविवारी लिहायचा आणि ज्याला त्याला साडेआठ द्यायचा. दृश्यं डोळ्यांचं पारणं फेडणारी, कथानक मध्ये किंचित रेंगाळतं, तरीही एकदा अनुभवावं असं. खेळाचं नाव बदलायचं, बाकी मजकूर तोच. एकदा तो स्वतःचा रिमोट घेऊन आला, म्हणाला चार्ज होत नाही. मास्तरांनी उघडून पाहिला तर आत झीज म्हणून औषधालाही नाही. तीन वर्षांचा रिमोट, आणि बटणाखालचं रबर कारखान्यातून निघालं तेव्हा होतं तसंच. चार्ज होत नव्हता कारण तो कधी पिशवीतूनच बाहेर आला नव्हता. पुढचे पंधरा दिवस मास्तरांनी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. न खेळता गुण देतो म्हणे, आणि वर छापून आणतो.

आता खरं सांगायचं तर मास्तरही खेळत नव्हते. कधीच खेळले नव्हते. पडद्यावर काही हललं की मला गरगरतं, असं ते सांगायचे. आणि कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, की दातांच्या डॉक्टराने तुमचं जेवण चाखून बघावं लागतं का, दात पाहिले की कळतं. हे उत्तर त्यांना स्वतःला इतकं आवडायचं, की ते देऊन झाल्यावर ते थोडा वेळ भिंग पुसत बसायचे.

घरी त्यांची बायको होती आणि वरच्या खोलीत धाकटी बहीण. धाकटीने चार वर्षांपूर्वी चांगली चालती नोकरी सोडली होती, ती स्वतः एक खेळ बनवायला. एकटीने. चित्रं तिची, आवाज तिचे, लिहिणं तिचं, चुका काढणंही तिचंच. चार वर्षं ती त्या खोलीत बसून होती आणि खाली मास्तर जेवताना लोकांच्या खेळांचे वाभाडे काढत होते. वहिनी अधूनमधून वर जाऊन बसायची, बघायची, क्वचित खेळायचीही. मास्तर कधी गेले नाहीत. पुरा होऊ दे, मग बघू, म्हणायचे. पुरा झाला तेव्हा म्हणाले, बाजारात येऊ दे, मग बघू.

तो बाजारात आला. दुकानमालकाने आधी नाक मुरडलं, मग मास्तरांच्या भिडेखातर मधल्या फळीवर तीस प्रती लावल्या. पण त्याने एक अट घातली. दोन महिने ठेवतो. तोवर फळ्यावर पाचाच्या वर गुण पडले तर आणखी मागवीन आणि दर्शनी काचेत लावीन. नाही पडले तर उरलेल्या प्रती खोक्यात घालून परत. धाकटीनेही मनाशी एक अट घातली आणि ती जेवताना दोघांना सांगून टाकली. खेळ काचेत लागला तर दुसऱ्याच्या तयारीला लागेन. खोक्यात गेला तर विमा कंपनीत तक्रारी ऐकायची नोकरी मिळते आहे, ती एक तारखेला धरेन, आणि मग पुन्हा या नादाला लागणार नाही. सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता. वहिनीने मात्र वाढायचा हात थांबवून नवऱ्याकडे पाहिलं.

मग मास्तर वाट बघू लागले. कशाची, तर रिमोट मोडायची. चाप ढिले झालेले आले, अंगठ्याने फिरवायच्या स्टिक वाकड्या झालेले आले, सरबत सांडलेले आले, कुत्र्याने चावलेला एक आला. प्रत्येकाला ते विचारायचे, काय खेळताना बिघडला? गाड्या. युद्ध. तलवार. फुटबॉल. धाकटीच्या खेळाचं नाव कुणी घेईना. दोन आठवडे गेले, चार गेले, सहा गेले. मधल्या फळीवरच्या तीस प्रतींतल्या चोवीस विकल्या गेल्या होत्या, पण मास्तरांच्या लेखी विकणं म्हणजे काहीच नव्हतं. लोक काय, काहीही विकत घेतात आणि कपाटात टाकतात. झीज कुठे आहे? झीज दाखवा.

बायकोने एकदा सरळच सांगितलं, की अहो, जिना चढून वर जा आणि एकदा स्वतः बघा, दोन तास गेले तर आभाळ कोसळणार नाही. मास्तर म्हणाले, मी वर गेलो आणि मला आवडला, तर ते बहीण म्हणून की खेळ म्हणून, हे कसं ठरवायचं? पुरावा हवा. ती म्हणाली, तुमचा पुरावा तुम्हालाच लखलाभ, आणि भांडी आवरायला निघून गेली.

तशात दुकानात कुणीतरी काडी लावली. की मास्तर आता बहिणीला दहापैकी अकरा देणार, फळा थोडा मोठा करून घ्या. सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्यांच्या मनात ते रुतून बसलं. पंधरा वर्षांत त्यांनी कुणाच्या बापाची भीड ठेवली नव्हती, हीच तर त्यांची सगळी कमाई. त्याच दुपारी ते उठले, खडू घेतला आणि फळ्यावर धाकटीच्या खेळाचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, ‘सहा आठवड्यांत एकही रिमोट आला नाही. म्हणजे कुणी खेळत नाही. शून्य.’ फळ्यावर याआधी शून्य कुणालाच पडलं नव्हतं. तीन रिमोटांचा नियमही त्यांनी स्वतःच मोडला होता, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळे म्हणाले, वा, मास्तर म्हणजे मास्तर. बहीण असली म्हणून काय झालं.

धाकटीला कुणी सांगावं लागलं नाही. ती संध्याकाळी वहिनीसाठी काहीतरी आणायला त्या दुकानासमोरून निघाली होती, जाता जाता तिने फळा वाचला. घरी येऊन ती जेवली, ताट उचललं, वर गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. महिनाअखेर मालकाने उरलेल्या सहा प्रती खोक्यात घातल्या. एक तारखेला धाकटी विमा कंपनीत रुजू झाली आणि सकाळी साडेआठला डबा घेऊन निघू लागली. मास्तरांशी तिचं बोलणं म्हणजे दिवा बंद कर, किल्ली कुठे आहे, एवढ्यावर आलं. मास्तरांना ते फार लागायचं, पण आपण खरं तेच लिहिलं, हे ते स्वतःला दिवसातून दोनदा तरी सांगत.

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात एक बसड्रायव्हर दुकानात आला. आडव्या अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्याने रिमोट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, की याचं थरथरणं कमी झालंय, बाकी काही तक्रार नाही. मास्तरांनी उघडला. चाप नवे, स्टिक नव्या, बटणांखालचं रबर नवं. पण हँडलच्या आतली ती चिमुकली मोटर, रिमोट थरथरवणारी, ती पार दमून गेली होती. असा रिमोट मास्तरांनी कधी पाहिला नव्हता. मोटर ही रिमोटमधली सगळ्यात शेवटी जाणारी वस्तू. त्यांनी विचारलं, काय खेळता?

ड्रायव्हरने धाकटीच्या खेळाचं नाव घेतलं. दोन महिने घरातले सगळे खेळतोय, म्हणाला. एक बंद पडत आलेलं स्टेशन आहे, आणि तिथल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत एक बाई बसते. ती बाई म्हणजे आपण. लोक येतात, आपली हरवलेली वस्तू मागतात. छत्री, चष्मा, पेटी. पण जे मागतात तेच त्यांना हवं असतं असं नाही. बोलता बोलता माणूस खऱ्या गोष्टीपाशी आला, की हातात रिमोट हलकेच थरथरतो. तेव्हा वस्तू पुढे करायची. त्याआधी बटण दाबलं की माणूस निघून जातो. मास्तरांनी विचारलं, की मग रिमोट बिघडत कसे नाहीत? ड्रायव्हरला प्रश्नच कळला नाही.

“अहो, त्यात काही दाबायचंच नसतं,” तो म्हणाला. “ऐकायचं असतं. बिघडणार काय?”

मास्तरांनी मोटर बदलून दिली. मग पुढच्या दोन दिवसांत त्यांनी ज्यांनी ज्यांनी तो खेळ नेला होता त्यांतले जेवढे आठवले तेवढ्यांना बोलावून घेतलं, रिमोट घेऊन या, फुकट तपासून देतो. सात आले. सातही जणांच्या मोटरी दमलेल्या, बटणं कोरी. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपण सहा आठवडे मोडतोडीची वाट बघत बसलो, आणि खेळ होता न मोडायचा. चूक केली, मोठी चूक केली. एकदा लावलेला निकाल त्यांनी आजवर बदलला नव्हता. तो त्यांनी ओल्या फडक्याने पुसला आणि नव्याने लिहिलं, ‘सात रिमोट. सातही मोटरी झिजलेल्या. लोक तासन्‌तास हातात धरून बसतात. दहा.’

दहाही फळ्यावर कधी पडले नव्हते. दुकानात नुसता गलका झाला. अजून परत न गेलेल्या खोक्यातल्या सहा प्रती बाहेर निघाल्या आणि त्याच दिवशी संपल्या. मालकाने आणखी साठ मागवल्या आणि काचेत जागा केली. समीक्षकाने रविवारी साडेआठ दिले, कथानक मध्ये किंचित रेंगाळतं म्हणाला. त्याच रविवारी दुपारी मास्तर नवी स्वच्छ बंडी घालून जिना चढले. चार वर्षांत पहिल्यांदा. खोलीत एक टेबल, एक गादी, टीव्ही, आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली विमा कंपनीची ओळखपट्टी. धाकटी ऑफिसचे कपडे इस्त्री करत होती.

तिने मान वर केली नाही. फळा पुसल्याचं तिला वहिनीकडून कळलं होतं. मास्तरांनी तरी पुन्हा सगळं सांगितलं. दहा दिले, आजवर कुणालाच दिले नव्हते. काचेत लागलाय. साठ प्रती येताहेत. आता ती तक्रारींची नोकरी सोड आणि दुसरा खेळ घे हाताशी.

“खेळलास?” तिने विचारलं.

मास्तरांनी मोटरींचं सांगायला सुरुवात केली. सातही रिमोटांत तीच झीज, इतका स्वच्छ पुरावा मी आजवर पाहिला नाही.

“दादा, खेळलास का?”

“नाही.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. “शून्य दिलंस तेव्हाही खेळला नव्हतास. दहाही तसेच दिलेस. मला आधी वाटलं, शून्य जिव्हारी लागलंय. तसं नव्हतं रे. तू खेळून शून्य दिलं असतंस तर मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी तुझ्याशी भांडले असते. चार वर्षं तुझ्या डोक्यावर बसून मी हे करत होते. खाली एकूण एक माणसाचा रिमोट उघडून बघितलास, आणि वर यायला तुला चौदा पायऱ्या चढवल्या नाहीत.”

दातांच्या डॉक्टराचं ते उत्तर मास्तरांच्या ओठांपर्यंतसुद्धा आलं नाही. त्यांना भयंकर लाज वाटली, लहानपणी वाटायची तशी. ते खाली न जाता टीव्हीसमोर गादीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, लाव.

धाकटीने टीव्ही लावला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पडद्याकडे टक लावली. पडद्यावर काही होईना. त्यांनी दाबायला बोटं फिरवली तर बोटांना स्क्रूची भोकं लागली. हजारो रिमोट त्यांनी टेबलावर पालथे ठेवून उघडले होते, आणि तोही त्यांनी तसाच धरला होता, पालथा. धाकटीने तो त्यांच्या हातात सुलटा केला, एकेक अंगठा धरून जागेवर ठेवला आणि बाजूला बसली.

स्टेशन उजाडलं. खिडकीशी एक म्हातारा आला आणि म्हणाला, माझी छत्री हरवली आहे. छत्री समोरच टांगलेली होती. मास्तरांनी ताबडतोब बटण दाबलं. म्हातारा छत्रीकडे न बघता निघून गेला. पुन्हा सुरू केलं. म्हातारा म्हणाला, माझी छत्री हरवली आहे, म्हणजे माझी नव्हे. आणि मास्तरांनी दाबलं. म्हातारा गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःला आवरलं खरं, पण त्याने जराशी उसंत घेतली तेवढ्यात अंगठा पडलाच. चौथ्या वेळीही गेला. पाचव्या वेळी तर मास्तरांनी म्हाताऱ्याला चार शब्द सुनावले, आणि त्या नादात कुठलं तरी बटण दाबलं गेलं.

तासभर झाला असेल. शेजारून खरखर ऐकू आली म्हणून त्यांनी पाहिलं, तर धाकटी एका वहीत भराभर लिहीत होती. नोकरी धरल्यापासून पहिल्यांदाच तिने या खेळासाठी पेन हातात घेतलं होतं. काय लिहितेस, मास्तरांनी विचारलं. ती लिहिता लिहिताच म्हणाली, की तुझ्यासारखे आणखीही असणार, पहिल्याच माणसापाशी अडकून खेळ बंद करणारे. म्हाताऱ्याचं बोलणं लांबलंय. पुढच्या दुरुस्तीत त्यातली दोन वाक्यं काढून टाकते.

“काढू नकोस,” मास्तर म्हणाले. “त्याला बोलू दे. मी थांबतो.”

ते पुन्हा पडद्याकडे वळले. म्हातारा खिडकीशी आला. मास्तरांनी दोन्ही अंगठे बटणांवरून उचलून हवेत धरले आणि तो काय सांगतोय ते ऐकू लागले.